किल्ली कोणाच्या हाती? ब्राझीलच्या तुरुंगांतील हिंसाचार आणि जगण्याची धडपड

नववर्षाचा पहिला दिवस ख्रिस्तसभा जागतिक शांतिदिन म्हणून पाळते. २०१७ साली हा पन्नासावा शांतिदिन होता आणि पोप फ्रान्सिस ह्यांनी त्या वर्षीच्या संदेशासाठी अहिंसा हा विषय निवडला होता. नेमक्या त्याच दिवशी दुपारी ब्राझीलमधील मानाउस शहराबाहेरच्या ‘कॉम्पाज’ ह्या तुरुंगात कैद्यांच्या एका टोळीने विरोधी टोळीवर हल्ला चढविला. सुमारे १७ तास हे थैमान चालू होते. पहारेकऱ्यांना ओलीस धरण्यात आले, शंभराहून अधिक कैदी पळून गेले आणि ५६ कैदी प्राणास मुकले. मृतांपैकी अनेकांची मस्तके धडावेगळी करण्यात आली होती.

ह्या घटनेनंतर सत्ताधाऱ्यांच्या मुखातून जे शब्द बाहेर पडले तेही तितकेच बोलके होते. अमेझोनास राज्याच्या गव्हर्नरांनी मृतांमध्ये कोणी संत नव्हता, असे उद्‌गार काढले. राष्ट्राध्यक्ष मिशेल तेमेर ह्यांनी चार दिवसांनी मौन सोडले आणि ह्या हत्याकांडाचे वर्णन भीषण अपघात असे केले. त्यांच्या सरकारातील युवक खात्याच्या सचिवाने तर अशी हत्याकांडे अधिक व्हावयास हवीत, अशा आशयाचे विधान केले आणि त्यापायी त्याला पद सोडावे लागले. दुसरीकडे ४ जानेवारीच्या सार्वजनिक भेटीत पोप फ्रान्सिस ह्यांनी मृतांसाठी, त्यांच्या कुटुंबीयांसाठी, तुरुंगातील सर्व कैद्यांसाठी व तेथे काम करणाऱ्यांसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. तुरुंग ही माणसाला सुधारून पुन्हा समाजात आणणारी स्थळे व्हावीत आणि तेथील परिस्थिती मानवी प्रतिष्ठेला साजेशी असावी, असेही त्यांनी सांगितले.

मृतांमध्ये संत नव्हते हे आम्हांला मान्य आहे. त्यांच्यापैकी कित्येकांच्या हातून गंभीर गुन्हे घडले होते. ज्यांच्यावर त्यांनी अन्याय केला, त्या कुटुंबांचे दुःखही खरे आहे. परंतु ज्याला शासनाने कुलपाआड ठेवले, त्याच्या जीविताची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्याच्या पापपुण्यावर अवलंबून नाही. ज्या देशात जगातील सर्वाधिक कॅथलिक राहतात, त्या देशाने हा प्रश्न कसा हाताळला, हे समजून घेणे आम्हांला अगत्याचे वाटते.

इशारा मिळाला होता

मानाउस हे अमेझॉनच्या अरण्यातील मोठे शहर आहे. उर्वरित ब्राझीलशी त्याचा संबंध मुख्यतः नदी आणि विमान ह्यांच्याद्वारेच येतो. ‘कॉम्पाज’ तुरुंग शहरापासून दूर महामार्गालगत होता. त्याची क्षमता साधारण साडेचारशे कैद्यांची होती. प्रत्यक्षात तेथे बाराशेहून अधिक माणसे कोंबलेली होती. तुरुंगाचा कारभार एका खासगी कंपनीकडे कंत्राटाने सोपविलेला होता.

हे हत्याकांड अनपेक्षित होते असे म्हणता येणार नाही. छळप्रतिबंधासाठी स्थापन झालेल्या ब्राझीलच्या राष्ट्रीय यंत्रणेने डिसेंबर २०१५ मध्ये येथील तुरुंगांना भेट दिली होती. आतील व्यवहार कैदीच चालवितात, असा स्पष्ट निर्वाळा तिने दिला होता. पुढे २०१६ मध्ये देशातील दोन बलाढ्य टोळ्यांमधील जुना समझोता मोडला. साओ पावलोमधील पी.सी.सी. आणि रिओ द जानेरोमधील कोमांदो व्हेर्मेल्यो ह्या त्या टोळ्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बोआ व्हिस्ता आणि पोर्तो व्हेल्यो येथील तुरुंगांत रक्तपात झाला. पेरू आणि कोलंबियातून सोलिमोइस नदीच्या मार्गाने येणाऱ्या कोकेनच्या व्यापारावर ज्या स्थानिक टोळीची पकड होती, तीच मानाउसच्या तुरुंगांतही प्रबळ होती. तेथे अल्पसंख्य असलेल्या पी.सी.सी.च्या कैद्यांचे काय होऊ शकते, हे उघड दिसत होते. तरीही त्यांना त्याच भिंतींआड ठेवण्यात आले.

त्यानंतर जे घडले ते अधिकच विदारक होते. ज्यांच्या जिवाला धोका होता, अशा कैद्यांना मानाउसमधील एका जुन्या तुरुंगात हलविण्यात आले. १९०७ सालचा हा तुरुंग वापरण्यायोग्य राहिलेला नाही म्हणून काही महिन्यांपूर्वीच बंद करण्यात आला होता. तो घाईघाईने उघडला गेला आणि आठवडाभराच्या आत तेथेही चार कैदी मारले गेले. ६ जानेवारीस बोआ व्हिस्ता येथे ३० हून अधिक कैद्यांची हत्या झाली. १४ जानेवारीस नाताल शहराजवळच्या अल्कासुझ तुरुंगात आणखी २६ जण ठार झाले. हा तुरुंग वाळूच्या टेकड्यांवर बांधलेला असल्यामुळे तेथे भुयारे खणणे सोपे होते. मार्च २०१५ च्या दंगलीत मोडलेले कोठड्यांचे दरवाजे पुन्हा बसविले गेले नव्हते आणि कैदी बराकींमध्ये मोकळे फिरत. अखेर दोन टोळ्यांना वेगळे ठेवण्यासाठी शासनाने मालवाहू जहाजांवरील कंटेनर रचून भिंत उभी केली.

मे २०१९ मध्ये मानाउसच्या तुरुंगांत पुन्हा ५५ कैदी मारले गेले. ‘कॉम्पाज’चे नाव ह्याही वेळी त्या यादीत होते. जुलै २०१९ मध्ये पारा राज्यातील आल्तामिरा येथे ५८ कैदी मृत्युमुखी पडले. त्यांपैकी बहुतेक जण टोळीने लावलेल्या आगीच्या धुराने गुदमरून मेले. एकदा घडते त्यास दुर्घटना म्हणता येईल, परंतु त्याच शहरात, त्याच भिंतींआड तेच पुन्हा घडते तेव्हा त्यास दुसरे नाव द्यावे लागते.

टोळीचा जन्म कसा झाला

ह्या टोळ्या बाहेरून तुरुंगात शिरल्या, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास वेगळे सांगतो. २ ऑक्टोबर १९९२ रोजी साओ पावलोमधील कारांदिरू तुरुंगाच्या नवव्या इमारतीत कैद्यांमध्ये भांडण जुंपले. पोलीस आत घुसले आणि १११ कैदी ठार झाले. एकही पोलीस मृत्युमुखी पडला नाही. खटले अनेक वर्षे रेंगाळले. २०१३ व २०१४ मध्ये अनेक पोलिसांना शिक्षा झाल्या, मग त्या वरच्या न्यायालयात अडकल्या आणि डिसेंबर २०२२ मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्षांनी माफी जाहीर केली. कारांदिरू तुरुंगाच्या इमारती २००२ साली जमीनदोस्त करण्यात आल्या, परंतु त्या हत्याकांडाचे परिणाम जमीनदोस्त झाले नाहीत.

त्या घटनेला वर्ष पूर्ण होण्याआधीच, ३१ ऑगस्ट १९९३ रोजी, तौबाते येथील कडक बंदोबस्ताच्या तुरुंगात मूठभर कैद्यांनी पी.सी.सी.ची स्थापना केली. कैद्यांनी एकमेकांना लुबाडू नये, शासनाच्या अत्याचाराविरुद्ध एकत्र यावे आणि कारांदिरूचा विसर पडू देऊ नये, असे तिचे आरंभीचे बोल होते. मे २००६ मध्ये ह्याच टोळीने तुरुंगात बसून संपूर्ण साओ पावलो शहर ठप्प करून दाखविले. आज तिचे जाळे अनेक देशांत पसरलेले आहे.

शासन ज्या गरजा भागवीत नाही, त्या टोळी भागविते, हे ह्या वाढीमागील साधे सूत्र आहे. नव्याने तुरुंगात आलेल्या तरुणाला साबण, अंथरूण, औषध आणि रात्री डोळा लागण्याइतकी सुरक्षितता हवी असते. ती देणारा अधिकारी तेथे नसतो. टोळीचा माणूस मात्र असतो. अनेक तुरुंगांत प्रवेश करतानाच कैद्याला तू कोणत्या टोळीचा, असे विचारले जाते. जो कोणाचाच नसतो, त्यालाही एक बाजू निवडावी लागते. मिळालेल्या मदतीची परतफेड सुटकेनंतर करावी लागते आणि ती बहुधा गुन्ह्याच्या रूपाने होते. किरकोळ चोरीसाठी पकडलेला मुलगा अशा रीतीने मोठ्या टोळीचा शिपाई बनून बाहेर पडतो. हिंसाचाराला कंटाळलेला समाज अधिक कैद्यांची मागणी करतो आणि टोळीला अधिक भरती मिळते.

आकडे हेच सांगतात. २००० साली ब्राझीलमध्ये सुमारे २,३३,००० कैदी होते. जून २०१६ मध्ये ही संख्या ७,२६,७१२ वर पोहोचली. त्या वेळी जागा होत्या ३,६८,०४९, म्हणजे एका जागी जवळजवळ दोन माणसे. त्यांतील सुमारे ४० टक्के लोकांच्या खटल्यांचा निकालही लागलेला नव्हता. २००६ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने सेवन करणारा आणि विक्री करणारा ह्यांच्यात प्रमाणाची स्पष्ट रेषा आखली नाही. तो निर्णय पोलीस आणि न्यायाधीश ह्यांच्यावर सोपविला गेला. परिणामी गरीब वस्त्यांतील, बहुतांशी कृष्णवर्णीय तरुणांची तुरुंगांत रीघ लागली.

जगण्याची किंमत

अशा ठिकाणी माणूस जगतो कसा? ह्युमन राइट्स वॉच ह्या संस्थेने २०१५ साली पेर्नांबुको राज्यातील तुरुंगांविषयी अहवाल प्रसिद्ध केला. पहारेकऱ्यांची संख्या इतकी तोकडी होती की अधिकाऱ्यांनी बराकींच्या किल्ल्या निवडक कैद्यांच्या स्वाधीन केल्या होत्या. ह्या कैद्यांना तेथे ‘किल्लीवाले’ म्हणत. हे किल्लीवाले झोपण्याची जागा विकत, अमली पदार्थांचा धंदा करीत, कर्ज बुडविणाऱ्याला आपल्या हस्तकांकडून मारझोड करवीत. ज्याच्याजवळ पैसा नसे, तो वाटेत किंवा संडासाशेजारी झोपे. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्याने तक्रार कोणाकडे करावी? किल्ली तर अत्याचार करणाऱ्याच्याच कमरेला असे.

कोंदट कोठड्यांत क्षयरोग झपाट्याने पसरतो आणि बाहेरच्या लोकसंख्येच्या तुलनेत कैद्यांना तो अनेक पटींनी अधिक ग्रासतो. तो तेथेच थांबत नाही. भेटीला येणारे नातेवाईक, तुरुंगाचे कर्मचारी आणि सुटून जाणारे कैदी ह्यांच्यामार्फत तो वस्तीत पोहोचतो.

कैद्याला तगवून धरणारा खरा आधार बहुतेक वेळा त्याच्या घरातील स्त्रियांचा असतो. आई, पत्नी, बहीण अन्न, कपडे आणि औषधे घेऊन दूरच्या तुरुंगाबाहेर रांगेत उभ्या राहतात. भेटीपूर्वी त्यांना वस्त्रे उतरवून अपमानास्पद झडती द्यावी लागत असे. मानखंडना करणारी अशी झडती अमान्य असल्याचा निर्णय ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये दिला. शिक्षा एकाला झालेली असते, पण ती अनेक जण भोगत असतात, ही गोष्ट मान्य व्हायला इतकी वर्षे जावी लागली.

कायदा चांगला, अंमल दुबळा

ब्राझीलकडे कायदा नाही, असे मुळीच नाही. १९८४ च्या शिक्षा अंमलबजावणी कायद्यानुसार प्रत्येक कैद्याला किमान ६ चौरस मीटरची स्वतंत्र कोठडी मिळावयास हवी. तीन दिवस काम केल्यास शिक्षेतील एक दिवस कमी होतो. पुस्तक वाचून त्यावर लेखन केल्यास चार दिवसांची सूट मिळण्याची योजनाही आहे. कागदावर हे सारे आदर्श आहे.

सप्टेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातील तुरुंगांची अवस्था हीच मुळी घटनाबाह्य स्थिती असल्याचे म्हटले. अटक केलेल्या व्यक्तीला २४ तासांच्या आत न्यायाधीशासमोर उभे करण्याची पद्धत त्या सुमारास सुरू झाली. तिचा हेतू दुहेरी आहे. अनावश्यक कोठडी टळावी आणि पोलिसांनी मारहाण केली असल्यास ती न्यायाधीशाच्या नजरेस यावी. नोव्हेंबर २०१८ मध्ये आंतरअमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने रेसिफे येथील कुरादो तुरुंगाबाबत एक अभूतपूर्व आदेश दिला. तेथे काढलेला प्रत्येक दिवस दोन दिवस म्हणून मोजावा, असे त्यात म्हटले होते. हिंसक आणि लैंगिक गुन्ह्यांतील कैद्यांसाठी मात्र स्वतंत्र तज्ज्ञ मूल्यमापनाची अट घालण्यात आली. यातना शिक्षेपेक्षा जास्त झाल्या तर शिक्षेचा काळ कमी झाला पाहिजे, हा त्यामागील विचार आम्हांला मोलाचा वाटतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निकाल देऊन शासनाला राष्ट्रीय आराखडा तयार करण्यास भाग पाडले आणि २०२५ च्या आरंभी ‘न्याय्य शिक्षा’ ह्या नावाने तो अमलात येऊ लागला. त्याचे यश काळच ठरवील. परंतु न्यायालये आदेश देऊ शकतात, रात्रीच्या वेळी बराकीत उभी राहू शकत नाहीत. तेथे कोण उभे आहे, हाच कळीचा मुद्दा आहे.

दुसरी किल्ली

ह्याच ब्राझीलमध्ये किल्ली कैद्यांच्या हाती देणारे आणखी एक प्रकारचे तुरुंग आहेत. १९७२ साली साओ जोझे दोस काम्पोस ह्या शहरात मारिओ ओतोबोनी नावाचे वकील आणि त्यांचे कॅथलिक सहकारी कैद्यांच्या भेटीला जाऊ लागले. त्यातून ‘आपाक’ ही संस्था उभी राहिली. आज तिची साठहून अधिक केंद्रे आहेत आणि त्यांपैकी सर्वाधिक मिनास जेराइस राज्यात आहेत. तेथे सशस्त्र पहारेकरी नसतात. कैद्याला क्रमांकाने नव्हे तर त्याच्या नावाने हाक मारली जाते. तो स्वतःचे कपडे घालतो, ठरलेल्या शिस्तीने दिवसभर काम व अभ्यास करतो, त्याच्या कुटुंबाला सन्मानाने भेट मिळते आणि दरवाजाची किल्ली सहकैद्याकडेच असते.

पेर्नांबुकोची किल्ली आणि ‘आपाक’ची किल्ली दिसायला सारखीच आहे. पहिली किल्ली शासनाने जबाबदारी झटकून टाकताना सोडून दिली आणि ती बलवानाने उचलली. दुसरी किल्ली विश्वासाने सोपविली गेली. तिच्यामागे नियम आहेत, न्यायाधीशांची देखरेख आहे आणि गावातील स्वयंसेवकांचा रोजचा वावर आहे. पहिल्या तुरुंगाकडे समाजाने पाठ फिरविली आहे, दुसऱ्यात समाज दररोज ये-जा करतो.

अर्थात ह्या प्रयोगाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तेथे जाण्यासाठी न्यायाधीशाची संमती आणि कैद्याची स्वतःची इच्छा लागते. त्यामुळे सुटकेनंतर पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचे प्रमाण तेथे कमी आढळते, ह्याचे सर्व श्रेय पद्धतीलाच देणे घाईचे होईल. ही केंद्रे आकाराने लहान आहेत. सात लाखांच्या वर गेलेल्या कैद्यांपैकी अगदी थोड्यांनाच त्यांचा लाभ मिळतो. शिवाय सक्षम सरकारी यंत्रणेची जागा स्वयंसेवकांनी भरून काढावी, अशी अपेक्षा करणेही चुकीचे आहे. तरीही एक गोष्ट सिद्ध झाली आहे. त्याच देशात, त्याच कायद्याखाली, तशाच गुन्ह्यांतील माणसांबरोबर वेगळ्या रीतीने वागता येते. रक्तपात अटळ होता, हे म्हणणे त्यामुळे टिकत नाही.

ब्राझीलच्या ख्रिस्तसभेने १९९७ साली प्रायश्चित्तकाळातील आपले बंधुत्व अभियान कैद्यांना वाहिले होते. तिच्या बंदिजन सेवेचे स्वयंसेवक आजही तुरुंगांत जातात, छळाच्या तक्रारी नोंदवितात आणि हत्याकांडांनंतर दारात ताटकळणाऱ्या कुटुंबांच्या सोबत उभे राहतात. त्यांची उपस्थितीच आतील माणसाला सांगते की, त्याच्याकडे कोणाचे तरी लक्ष आहे.

आपल्याकडचे चित्र

आपल्या देशातील तुरुंगांत ब्राझीलसारखे टोळीराज्य नाही, ही समाधानाची बाब आहे. तथापि ज्या मातीत ते उगवते, ती माती आपल्याकडेही आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत ४,३६,२६६ जागा होत्या आणि ५,७३,२२० कैदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ जण, म्हणजे दर चारांतील तीन, कच्चे कैदी होते. ब्राझीलमध्ये हेच प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास असताना तेथील न्यायालयाने तुरुंगांची स्थिती घटनाबाह्य ठरविली होती, हे ध्यानात घ्यावे.

येशूसंघीय धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी ह्यांनी झारखंडमधील आदिवासी कच्च्या कैद्यांचा अभ्यास करून त्यांची बाजू न्यायालयात मांडली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांनाच अटक झाली आणि नवी मुंबईतील तळोजा कारागृहात त्यांना ठेवण्यात आले. कंपवाताने त्यांचे हात थरथरत असत. पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा म्हणून त्यांना न्यायालयाकडे अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी वांद्रे येथील होली फॅमिली इस्पितळात वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तेव्हाही ते कच्चे कैदीच होते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने संभाव्य कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कोठडीत काढला असल्यास त्याला जामिनावर सोडण्याची तरतूद आहे. गंभीर गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले कैदी तीतून वगळलेले आहेत. ज्यांना ती लागू आहे, त्यांच्यापर्यंत ती पोहोचविण्यासाठी कोणीतरी त्यांची कागदपत्रे पाहिली पाहिजेत, जामिनाची रक्कम उभी केली पाहिजे, घरच्यांना निरोप दिला पाहिजे. हे काम आपल्या धर्मग्रामातील वकील, निवृत्त कर्मचारी आणि तरुण करू शकतात.

आमची भूमिका

२६ डिसेंबर २०२४ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी रोममधील रेबिबिया तुरुंगात ज्युबिली वर्षाचे पवित्र द्वार उघडले. ज्युबिलीच्या घोषणापत्रातही त्यांनी शासनांना कैद्यांसाठी माफी आणि पुनर्वसनाच्या योजना आखण्याची विनंती केली होती. ते वर्ष संपले, परंतु त्या द्वाराने मागितलेले उत्तर आपण अजून दिलेले नाही.

मत्तयच्या शुभवर्तमानात अंतिम न्यायाच्या वेळी प्रभू येशू तुरुंगातील माणसाशी स्वतःला एकरूप करतो. तो निरपराध होता किंवा कसे, ह्याची चौकशी तेथे होत नाही. त्याला कोणी भेटायला गेले होते काय, एवढेच पाहिले जाते. अमेझोनासच्या गव्हर्नरांचे उद्‌गार ह्या कसोटीवर घासून पाहावेत. संत असण्याची अट त्यांनी घातली. ख्रिस्ताने ती घातलेली नाही.

गुन्ह्याला शिक्षा असावी, पीडितांना न्याय मिळावा, ह्याबद्दल आमच्या मनात संदेह नाही. मात्र न्यायाधीशाने स्वातंत्र्य काढून घेण्याची शिक्षा दिलेली असते. अंथरूण, औषध, अब्रू आणि प्राण काढून घेण्याची शिक्षा कोणत्याही न्यायालयाने दिलेली नसते. ती आपल्या दुर्लक्षातून दिली जाते. आणि दुर्लक्षाने मोकळी पडलेली किल्ली फार काळ तशीच पडून राहत नाही, ती कोणीतरी उचलतो. ती कोणाच्या हाती जावी हे ठरविण्याची वेळ तुरुंगाला आग लागण्यापूर्वीची असते, एवढा बोध ब्राझीलच्या त्या शेकडो मृतांकडून आपण घेतला तरी पुष्कळ होईल.